पाणघोडा

मुंबईच्या राणीच्या बागेंत किंवा दुसऱ्या एखाद्या प्राणिसंग्रहालयांत आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाणघोडा पाहिला असेल. ‘पाहिला’ हा शब्द येथें जरा जपूनच वापरावा लागतो. गढूळ, हिरवट पाण्याचा एक हौद, आणि त्या पाण्यावर दोन वाटोळे कान, दोन फुगीर डोळे व दोन नाकपुड्या, एवढेंच बहुधा दृष्टीस पडतें. पांच मिनिटें उभें राहिलें तर एखादा दीर्घ सुस्कारा ऐकूं येतो, थोडें पाणी उडतें, आणि दिसत होतें तेवढेंही नाहींसें होतें. मुलें कंटाळून वाघाच्या पिंजऱ्याकडे वळतात, आणि जातां जातां कोणी तरी म्हणतेंच, “काय आळशी जनावर हें! दिवसभर नुसतें डुंबत पडलेलें!”

या आळशीपणाच्या आरोपाची नीट चौकशी करावी, या हेतूनें पुढील माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांवाविषयीं. ‘हिपोपोटॅमस’ हा शब्द ग्रीक आहे. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा व ‘पोटॅमॉस’ म्हणजे नदी. आपला ‘पाणघोडा’ हा शब्दही जवळजवळ त्याच अर्थाचा. ग्रीक लोकांस या प्राण्यांत घोडा कोठें दिसला, हें सांगणें कठीण आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत मिसर देशाचें वर्णन लिहिलें. त्यांत या प्राण्यास घोड्यासारखी आयाळ व घोड्यासारखी शेपटी असते, त्याचे खूर बैलाप्रमाणें दुभंगलेले असतात, असें त्यानें बेधडक सांगितलें आहे. वास्तविक पाणघोड्यास आयाळ मुळींच नसते; शेपटी आखूड व चपटी असते; आणि प्रत्येक पायास चार बोटें असून त्यांच्यामध्यें थोडा पडदा असतो. एवढ्या मोठ्या इतिहासकारानें या प्राण्यास जवळून पाहिलें असावें, असें कांहीं या वर्णनावरून वाटत नाहीं.

पुढें युरोपांतील प्राणिशास्त्रज्ञांनीं दांत व हाडें तपासून पाणघोड्यास डुकराच्या नात्यांत बसविलें, आणि हें नातें बराच काळ सर्वमान्य होतें. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पेशींतील डीएनए तपासून प्राण्यांचीं कुळें ठरविण्याची विद्या पुढें आली, आणि तिनें एक विलक्षणच गोष्ट उजेडांत आणली. आज जिवंत असलेल्या सर्व प्राण्यांत पाणघोड्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे देवमासा! सुमारे साडेपांच कोटी वर्षांपूर्वीं या दोघांचे पूर्वज एकच होते. त्यांपैकीं एका घराण्यानें जमीन कायमची सोडली व समुद्र जवळ केला. दुसऱ्यानें जमीनही सोडली नाहीं आणि पाणीही सोडलें नाहीं. पाणघोड्याच्या शरीराची ठेवण, त्याचा दिनक्रम, त्याचा राग, इतकेंच नव्हे तर त्याच्यावर आज आलेलें संकट, हीं सर्व या दुहेरी संसारांतून निघालेलीं आहेत.

पूर्ण वाढलेला नर दहा ते पंधरा फूट लांब असतो, पण खांद्याशीं त्याची उंची जेमतेम पांच फूट भरते. पिंपासारखें अंग व त्याखालीं चार आखूड खांब! वजन सामान्यतः दीड ते दोन टन. एखादा नर तीन टनांपर्यंतही जातो. तराजूच्या एका पारड्यांत असा पाणघोडा घातला, तर दुसऱ्या पारड्यांत तीन-चार खिल्लारी बैल घालावे लागतील. डोक्याची रचना मात्र मोठी चतुराईची आहे. डोळे, कान व नाकपुड्या हीं तिन्ही डोक्याच्या अगदीं वरच्या बाजूस एका पातळींत असतात. त्यामुळें सर्व शरीर पाण्याखालीं ठेवूनही त्यास पाहतां येतें, ऐकतां येतें आणि श्वास घेतां येतो. बुडी मारतांच नाकपुड्या आपोआप बंद होतात व कान मिटतात. सुसरीच्या डोक्याची रचनाही अशीच असते. एकाच गरजेपोटीं दोन अगदीं भिन्न कुळांत एकच युक्ति निर्माण झाली आहे.

आतां कातड्याकडे पाहूं. कारण आळशीपणाच्या आरोपाचें उत्तर येथेंच सांपडतें. पाणघोड्याचें कातडें पाठीवर दीड-दोन इंच जाड असतें. इतक्या जाड कातड्याच्या जनावरास उन्हाची काय भीति, असें कोणासही वाटेल. पण त्या कातड्याचा सर्वांत बाहेरचा थर अतिशय पातळ असतो, व त्यांतून शरीरांतील पाणी इतर जनावरांच्या मानानें कितीतरी जलद उडून जातें. अंगावर केंस जवळजवळ नाहींत. आपल्यासारख्या घाम येणाऱ्या ग्रंथि नाहींत. असें जनावर आफ्रिकेच्या उन्हांत दिवसभर उघड्यावर उभें राहिलें, तर त्याच्या कातड्यास भेगा पडतील व शरीर तापून तें मरणाच्या दारीं जाईल. म्हणून सूर्य वर असेपर्यंत पाणी हेंच त्याचें छप्पर. शेतकरी भर दुपारीं झाडाखालीं बसला तर त्यास आपण आळशी म्हणत नाहीं.

निसर्गानें त्यास आणखी एक साधन दिलें आहे. जुने प्रवासी सांगत कीं, पाणघोड्यास रक्ताचा घाम येतो. त्यांनीं पाहिलें तें खरेंच होतें, पण तें रक्त नव्हे आणि घामही नव्हे. त्याच्या कातड्यांतील विशेष ग्रंथींतून एक चिकट द्रव पाझरतो. तो प्रथम रंगहीन असतो. थोड्याच वेळांत तांबडा होतो व शेवटीं तपकिरी पडतो. इ. स. २००४ सालीं जपानमधील रसायनशास्त्रज्ञांनीं या द्रवाचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांत एक तांबडें व एक नारिंगी अशीं दोन रंगद्रव्यें आढळलीं. हीं दोन्ही सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण शोषून घेतात. शिवाय तांबडें द्रव्य रोगजंतूंची वाढ रोखतें. म्हणजे छत्री व मलम हीं दोन्ही एकाच बाटलींत! पाणघोडे आपसांत लढतात तेव्हां त्यांच्या अंगावर मोठमोठ्या जखमा होतात, आणि तशाच जखमांनिशीं ते शेणानें घाण झालेल्या पाण्यांत पडून राहतात. तरीही त्या जखमा सहसा चिघळत नाहींत, याचें आश्चर्य यामुळें पुष्कळसें कमी होतें.

इतका काळ पाण्यांत काढणारा हा प्राणी उत्तम पोहत असेल, अशी कोणाचीही समजूत होईल. पण खरें पाहतां मोठा पाणघोडा पोहतच नाहीं. त्याचीं हाडें भरीव व जड असून शरीर पाण्यापेक्षां किंचित् भारी असतें, म्हणून तो तळाशीं जातो व तेथें पायांनीं चालतो. कधीं कधीं तळास पाय मारून हलकेच उसळ्या घेत तो पुढें जातो. केनिया देशांत म्झिमा नांवाचे निर्मळ पाण्याचे झरे आहेत. तेथें पाण्याखालीं घेतलेल्या चित्रपटांत हें दृश्य जगानें पाहिलें. जमिनीवर इतकें बोजड दिसणारें हें धूड पाण्याखालीं एखाद्या नर्तकासारखें अलगद पावलें टाकतें, आणि माशांचे थवे त्याच्या अंगावरील मळ खात बरोबर चालतात. पाण्याखालीं तो सुमारे पांच मिनिटें राहूं शकतो. झोपला असला तरी श्वासासाठीं न जागतां वर येतो, नाक उघडतो, श्वास घेतो व पुन्हां खालीं जातो. आपण झोपेंत कूस बदलतों तितकेंच हें सहज होतें.

सूर्य मावळला कीं नदीवरचा देखावा पालटतो. दिवसभर एकमेकांच्या पाठीवर डोकीं ठेवून पडलेले दहा, वीस, तीस पाणघोडे एकेक करून कांठावर चढूं लागतात. पाण्यांत ते कळपानें राहतात; चरावयास मात्र प्रत्येक जण एकटा जातो, फक्त आईबरोबर तिचें पिलूं असतें. वाटा ठरलेल्या असतात. पिढ्यान् पिढ्या त्याच वाटांनीं गेल्यामुळें कांठांत खोल घळी पडतात. बोट्सवाना देशांत ओकाव्हांगो नदीचा जो विस्तीर्ण दलदलीचा प्रदेश आहे, तेथें तर पाणघोड्यांच्या या वाटा पाण्याचे पाट होऊन बसतात व नदीचें पाणी त्यांतून नव्या ठिकाणीं जातें.

कुरण जवळ असलें तर अर्धा-एक किलोमीटर, दूर असलें तर चार-पांच किलोमीटर चालून तो गवतापर्यंत पोंचतो. तेथें त्याचे दांत कामास येत नाहींत. काम करितात ते ओंठ. रुंद व कठीण ओंठांनीं तो आंखूड गवत जमिनीसरसें खुडून घेतो, आणि ज्या ठिकाणीं पाणघोडे नेहमीं चरतात तेथील गवत हिरवळीसारखें एकसारखें कातरलेलें दिसतें. चार-पांच तास असें चरल्यावर पोटांत सुमारे ४० किलो गवत जातें. हा आंकडा मोठा वाटेल. परंतु पांचशें किलो वजनाच्या म्हशीलाही दिवसाला पंचवीस-तीस किलो हिरवा चारा सहज लागतो. त्या हिशेबानें दीड-दोन टनांच्या जनावराचें हें जेवण फारच बेताचें आहे. दिवसभर पाण्यानें अंग उचलून धरल्यामुळें शक्ति थोडी खर्च होते, आणि शक्ति थोडी खर्च होते म्हणून अन्न थोडें पुरतें. त्याच्या पोटाचे तीन कप्पे असतात, पण गाईप्रमाणें तो रवंथ करीत नाहीं. गवत पोटांतच सावकाश कुजून पचतें. ज्याला आपण आळस म्हणत होतों तो खरोखर काटकसरीचा संसार आहे, असें आम्हांस वाटतें.

आणि प्रसंग पडला तर हें जनावर आळशी मुळींच राहत नाहीं. थोड्या अंतरापुरतें तें ताशीं तीस किलोमीटर वेगानें धांवूं शकतें. एवढ्या वेगापुढें आपल्यापैकीं थोडेच टिकतील. इंग्लंडमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेजांतील संशोधकांनीं २०२४ सालीं दाखवून दिलें कीं, पाणघोडा चालीचा प्रकार बदलत नाहीं, दुडकतच धांवतो, आणि वेग वाढला म्हणजे क्षणभर त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. हत्तीला ही गोष्ट साधत नाहीं.

आतां दांतांविषयीं. खालच्या जबड्यांतील सुळे दीड फुटापर्यंत लांब असतात व वरच्या सुळ्यांवर घांसून त्यांस नेहमीं धार राहते. तोंड उघडलें म्हणजे वरच्या व खालच्या जबड्यांत सुमारे चार फुटांचें अंतर पडतें. चित्रांत आपण ज्यास पाणघोड्याची जांभई समजतों, ती पुष्कळदां जांभई नसून धमकी असते. हे सुळे खाण्यासाठीं नाहींतच. ते केवळ लढण्यासाठीं आहेत. त्यांचें दंत फार कठीण असतें व हस्तिदंतासारखें लवकर पिवळें पडत नाहीं, म्हणून पूर्वीं त्यापासून माणसांच्या कवळ्या करीत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची १७८९ सालची कवळी पाणघोड्याच्या दांताचीच होती. त्यांच्या चित्रांत ओंठ इतके घट्ट मिटलेले कां दिसतात, याचा उलगडा होण्यास ही एक माहिती उपयोगी पडावी.

नदीच्या कांठाचा एक लांबट तुकडा एकेका बलिष्ठ नराच्या ताब्यांत असतो. त्यांत माद्या व पिलें यांस मोकळीक असते; नम्रपणें वागणाऱ्या तरुण नरांसही तो राहूं देतो; परंतु दुसरा तोडीचा नर आला कीं लढाई जुंपते. हद्द दाखविण्याची रीत मात्र सांगण्यास जराशी संकोचाची आहे. शेण टाकतांना तो आपली चपटी शेपटी पंख्यासारखी जोरानें हलवितो व तें चोहोंकडे उडवितो. आवाजानेंही ते एकमेकांस ओळखतात. मोझांबिक देशांत संशोधकांनीं पाणघोड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून निरनिराळ्या कळपांस ऐकविले व त्याची हकीकत २०२२ सालीं प्रसिद्ध केली. शेजाऱ्याचा आवाज ऐकून कळप फारसा बिथरला नाहीं. परक्याचा आवाज येतांच गडबड उडाली व शेणाची फवारणी सुरू झाली. विशेष हें कीं, ही सारी मालकी पाण्यापुरतीच. रात्रीं कुरणांत तेच दोन नर एकमेकांकडे न पाहतां शेजारीं चरतात.

आफ्रिकेंत दर वर्षीं पाणघोड्यांकडून माणसें मारलीं जातात. गवत खाणाऱ्या जनावरास इतका राग कां यावा? ज्या ठिकाणीं असे प्रसंग घडतात तीं ठिकाणें पाहिलीं म्हणजे कारण कळून येतें. पहांटे स्त्रिया पाणी भरण्यास नदीवर येतात, त्याच वेळीं पाणघोडा चरून परत येत असतो. आपल्या व पाण्याच्या मध्यें कोणी उभें आहे असें दिसलें कीं तो वाट बदलत नाहीं, थेट चाल करितो. कारण ऊन वर येण्यापूर्वीं पाण्यांत पोंचणें हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. कोळ्याची लहान होडी पाण्याखालीं असलेल्या माद्यापिलांच्या डोक्यावरून गेली तरी तोच परिणाम. शिवाय नदीकांठचीं कुरणें मोडून जेथें मका किंवा भात लावला आहे, तेथें रात्रीं पाणघोडे शेतांत शिरतात व शेतकऱ्याचें वर्षाचें धान्य एका रात्रींत तुडवून टाकतात. अशा शेतकऱ्यास पाणघोड्याचें कौतुक सांगण्यास कोणी जाऊं नये.

मादी सुमारे आठ महिन्यांनीं एका पिलास जन्म देते, व बहुधा पाण्यांतच. जन्मतां त्याचें वजन पंचवीस ते पन्नास किलो भरतें. पहिले कांहीं दिवस आई त्यास घेऊन कळपापासून दूर राहते. पिलूं नाकपुड्या व कान मिटून पाण्याखालीं दूध पितें, आणि थोड्या थोड्या वेळानें वर येऊन श्वास घेतें. खोल पाण्यांत तें आईच्या पाठीवर बसतें. सुसर, सिंह व तरस यांच्यापासून, आणि कधीं कधीं कळपांतील नरांपासूनही, आईस त्याचें रक्षण करावें लागतें. या संकटांतून जें निभावतें तें चाळीस-पन्नास वर्षें जगतें.

पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिया व आसपासच्या देशांच्या जंगलांत पाणघोड्याची एक लहान जात आहे. तिचें वजन अडीचशें किलोच्या आसपास असतें. ती कळपानें राहत नाहीं व पाण्यांतही कमी असते. थायलंडमधील एका प्राणिसंग्रहालयांत जुलै २०२४ मध्यें जन्मलेलें ‘मू देंग’ नांवाचें पिलूं सर्व जगाच्या कौतुकाचा विषय झालें, तें याच जातीचें. जंगलांत मात्र ही जात अतिशय दुर्मिळ झाली आहे.

प्राचीन मिसरी लोक नाईलच्या कांठीं पाणघोड्याच्या शेजारींच राहत होते, म्हणून त्यास ते चांगले ओळखत. शेतें तुडविणारा व होड्या उलथणारा नर त्यांस शत्रु वाटे, आणि पिलास जपणारी मादी पाहून त्यांनीं ताउरेत नांवाची देवता कल्पिली. ती बाळंतिणीची रक्षणकर्ती मानली जाई. बायबलांतील ईयोबाच्या पुस्तकांत बैलाप्रमाणें गवत खाणारा व लव्हाळ्यांच्या आड पडून राहणारा ‘बेहेमोथ’ म्हणून जो प्रचंड प्राणी वर्णिला आहे, तो पाणघोडाच असावा असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास मिसरमधून हा प्राणी नाहींसा झाला. इ. स. १८४९ मध्यें नाईलच्या बऱ्याच वरच्या भागांत ओबेश नांवाच्या बेटावर एक पिलूं धरण्यांत आलें, आणि मिसरच्या अब्बास पाशानें तें शिकारी कुत्र्यांच्या मोबदल्यांत इंग्रजांस दिलें. त्यास दूध मिळावें म्हणून प्रवासांत गाई बरोबर घेतल्या होत्या! २५ मे १८५० रोजीं तें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पोंचलें. रोमन काळानंतर युरोपांत जिवंत पाणघोडा प्रथमच येत होता, आणि त्यास पाहण्यास दिवसाला दहा-दहा हजार माणसें लोटत.

आपल्या देशांत पाणघोडा कधींच नव्हता, असें मात्र कोणी समजूं नये. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेंकड्यांत ह्यू फाल्कनर व प्रॉबी कॉटली या दोन संशोधकांनीं प्राचीन प्राण्यांचीं शिळारूप हाडें खणून काढलीं. त्यांत पाणघोड्याचीं हाडें होतीं, व १८३६ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें. (हे कॉटलीसाहेब म्हणजे पुढें गंगेचा मोठा कालवा बांधणारे इंजिनियर.) नर्मदेच्या खोऱ्यांतही तशीं हाडें सांपडलीं आहेत. त्या हिंदी पाणघोड्यास खालच्या जबड्यांत पुढचे दांत सहा असत. आजच्या आफ्रिकेंतील पाणघोड्यास चार असतात. हिमयुगाच्या अखेरच्या काळापर्यंत तो आपल्याकडे होता व नंतर नाहींसा झाला. मोसमी पाऊस क्षीण होऊन पाणवठे आटले हें त्याचें एक कारण असावें, असें संशोधकांस वाटतें.

आफ्रिकेंत आज सुमारे १,१५,००० ते १,३०,००० पाणघोडे उरले आहेत, असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें २००६ सालापासून त्यांस धोक्यांत आलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ सालीं बंदी आली, तेव्हां व्यापाऱ्यांची नजर पाणघोड्याच्या दांतांकडे वळली. कांगो देशांतील विरुंगा राष्ट्रीय उद्यानांत १९७० नंतरच्या दशकांत सुमारे २९,००० पाणघोडे होते. पुढें तेथें यादवी युद्ध पेटलें. सैनिकांनीं व बंडखोरांनीं मांसासाठीं व दांतांसाठीं त्यांची कत्तल केली, आणि २००५ च्या सुमारास एक हजारही उरले नाहींत.

एकीकडे असें, तर दुसरीकडे नको तेथें त्यांची वाढ झाली आहे. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत पाब्लो एस्कोबार नांवाच्या मादक द्रव्यांच्या कुप्रसिद्ध व्यापाऱ्यानें १९८० नंतरच्या दशकांत आपल्या खासगी बागेसाठीं एक नर व तीन माद्या आणविल्या. १९९३ सालीं तो मारला गेला. बागेंतील इतर जनावरें दुसरीकडे नेण्यांत आलीं; पाणघोडे हलविणें अवघड, म्हणून ते तेथेंच राहिले. तेथें अवर्षण नाहीं, सिंह नाहींत, गवत व पाणी मुबलक. चारांचे आतां दीडशेंहून अधिक झाले असून ते माग्दालेना नदीच्या खोऱ्यांत पसरले आहेत. सरकारनें २०२२ सालीं त्यांस उपद्रवी परका प्राणी ठरविलें. त्यांचें निर्बीजीकरण करणें अतिशय खर्चाचें आहे. साठ पाणघोडे हिंदुस्थानांत, गुजरातेंत पाठविण्याचा बेत २०२३ सालीं जाहीर झाला होता. कोळ्यांस त्यांचें भय वाटतें, तर पाहुण्यांस ते दाखवून पोट भरणारे लोकही त्याच गांवांत आहेत.

परंतु कोलंबियांतील शास्त्रज्ञांस खरी काळजी वाटते ती तेथील नद्यांची. ती समजण्यास पुन्हां आफ्रिकेंत गेलें पाहिजे. पाणघोडा रात्रीं कुरणांत खातो व दिवसा नदींत शेण टाकतो. एका जनावराच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक. पण केनिया व टांझानिया यांमधून वाहणाऱ्या मारा नदींत चार हजारांवर पाणघोडे आहेत, आणि ते दररोज सुमारे ३६ टन ओलें शेण नदींत टाकतात, असें मोजण्यांत आलें आहे. गवतांत वाळूचेंच एक रूप, म्हणजे सिलिका, असते. पाण्यांतील डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींस आपलें कवच बनविण्यास ती लागते. मारा नदींतून वाहणाऱ्या सिलिकेपैकीं तीन-चतुर्थांश भाग पाणघोड्यांच्या मार्फत येतो, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. डायाटमवर किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर पक्षी व माणसें. मैदानावरचें गवत असें गाडी भरभरून नदींत आणणारा दुसरा प्राणी तेथें नाहीं.

मात्र हा हिशेब नदी वाहती असेल तोंपर्यंतच ठीक. पाणी मंदावलें कीं शेण डोहाच्या तळाशीं सांचून कुजतें व पाण्यांतील प्राणवायु संपतो. मारा नदीस अचानक लोंढा येतो तेव्हां डोहांच्या तळचें हें काळें पाणी एकदम खालीं वाहत जातें आणि कधीं कधीं मैलोगणती मासे मरून वर येतात. करकोचे, गिधाडें व सुसरी यांस मेजवानी होते. मारा नदींत हें पूर्वींपासून घडत आलें असावें. लोंढा ओसरला कीं पाणी निवळतें व मासे पुन्हां येतात.

टांझानियांतील ग्रेट रुआहा नदीची गोष्ट निराळी आहे. ही नदी पूर्वीं बारमाही होती. वरच्या अंगास उसांगूच्या मैदानांत भाताच्या शेतीसाठीं तिचें पाणी उचलूं लागले, आणि १९९३ सालापासून उन्हाळ्यांत तिचा प्रवाह तुटूं लागला. जेथें सलग पात्र होतें तेथें आतां कोरड्या वाळूंत थोडेसे डोह उरतात, आणि लांबवरचे पाणघोडे त्यांत दाटीवाटीनें येऊन पडतात. डोहाचें पाणी शेणानें हिरवेंकाळें होतें, त्यांतील माशांच्या जाती कमी होतात. दोष पाणघोड्याचा म्हणावा, तर तो पूर्वींइतकेंच खातो व पूर्वींइतकेंच टाकतो. दोष भात पिकविणाऱ्याचा म्हणावा, तर त्याच्याही घरीं मुलें आहेत.

नोव्हेंबरच्या सुमारास तिकडे पावसाळा लागतो. वरच्या खोऱ्यांत पाऊस झाला कीं तुटलेला प्रवाह पुन्हां वाहूं लागतो, डोह एकमेकांस मिळतात, आणि महिनोन्महिने एका डबक्यांत अंग चोरून पडलेले पाणघोडे आपापल्या जुन्या कांठांकडे पांगतात. कुरणांत तोंवर नवें गवत उगवलेलें असतें.